कमाटीबागेत हयातीचा दाखला

बडोद्याच्या खंडेराव मार्केटजवळ पालेभाज्यांच्या टोपल्या मांडून बसणाऱ्या एका मासींकडून मी वर्षानुवर्षं मेथी घेते. यूपीआय २०१६ मध्ये आलं. मासींपर्यंत पोचायला त्याला आणखी काही वर्षं लागली, आणि आलं तेही कटकट घेऊनच. गिऱ्हाइकाने स्कॅन करायचं आणि 'झालं' म्हणत फोन मासींच्या नाकासमोर धरायचा. मासींचे हात ओले, चष्मा घरी, मागे चारजणी घाईत. पडद्यावर काय लिहिलंय ते त्यांना कळायचं नाही. मग पलीकडे कांद्याच्या पोत्यांशी असलेल्या मुलाला हाक. तो येऊन स्वतःचा फोन बघणार, तर मेसेज आलेला नसणार. तोवर मासींनी माझ्याकडे बघायचं आणि मी मासींकडे. इतक्या वर्षांची ओळख, आणि तीस रुपयांच्या जुडीवरून दोघी अवघडून उभ्या.

मग तो बोलणारा डबा आला. "त्रीस रुपिया प्राप्त थया." मासी मानही वळवत नाहीत. हात जुडी बांधण्यात, एक कान डब्याकडे, डोळे माझ्याकडे. आणि विचारतात, "बाने केम छे हवे?" आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय हे त्यांना ठाऊक आहे, कारण ऑपरेशनच्या आठवड्यात मी नव्हते आले, नवरा आला होता आणि मेथीऐवजी पालक घेऊन गेला होता.

तंत्रज्ञानाबद्दल कुणी तावातावाने बोलायला लागलं, बाजूने असो की विरुद्ध, की मला हा डबा आठवतो. त्याने मासींचं एवढंच काम आपल्याकडे घेतलं की पैसे आले का ते बघायचं. बाकी सगळं जिथल्या तिथे राहू दिलं. मी अजूनही तिथे जाते, जुडी उलटीपालटी करून बघते, मासी अजूनही वर चार काड्या कोथिंबीर टाकतात. सगळीच यंत्रं इतकी शहाणी नसतात. बरीचशी काम उचलतात आणि त्या कामाच्या निमित्ताने होणाऱ्या भेटीगाठीही सोबत घेऊन जातात. तसं कुणाच्या मनात नसतं. यंत्र बनवणाऱ्याच्या नसतं, वापरणाऱ्याच्याही नसतं. लक्षात येतं तेव्हा बराच काळ गेलेला असतो.

आमचे बाबा रेल्वेत होते, प्रतापनगरच्या ऑफिसात. त्यामुळे दांडियाबाजारच्या आमच्या घरी माणसांचा राबता असे, आणि त्यातली निम्मी तिकिटासाठी आलेली. कुणाला सुट्टीत पुण्याला जायचंय, कुणाच्या भाचीचं लग्न सोलापूरला, कुणाला आईला पंढरपूरला न्यायचंय. खरं तर बाबांच्या हातात काहीच नव्हतं. ते ना बुकिंग क्लार्क, ना साहेब. पण फॉर्म कसा भरायचा, कुठल्या गाडीला कुठल्या स्टेशनचा कोटा, वेटिंग साधारण किती नंबरापर्यंत सुटतं, हे त्यांना तोंडपाठ. माणसं यायची, बसायची, चहा व्हायचा. फॉर्म पाच मिनिटांत भरून होई. उरलेला तास मुलीला आलेल्या स्थळाचा, मुलाने सायन्स घ्यावं की कॉमर्स याचा, नाहीतर वाड्याच्या मालकाने पुन्हा काय काढलं आहे त्याचा.

रांगांचे गोडवे मी गाणार नाही. तसे लेख मी वाचते आणि मला राग येतो. लाइटबिलाच्या खिडकीपाशी आपला नंबर यावा आणि आतून 'रिसेस छे' म्हणून फळी खाली पडावी, हा अनुभव ज्यांनी मे महिन्यात घेतलाय ते रांगेवर ललित लिहीत नाहीत. आई एका हातात आमची पावसाळी छत्री उन्हासाठी धरून आणि दुसऱ्या हातात मला धरून अशा रांगांत उभी राहिलेली आहे. ते सगळं फोनवर दोन मिनिटांत होतं हे उत्तमच झालं. त्यात गमावण्यासारखं काही नव्हतं.

पण तिकिटांची गोष्ट थोडी वेगळी झाली. २००२ मध्ये रेल्वेची तिकिटं इंटरनेटवर मिळायला लागली. आधी कोपऱ्यावरचा सायबर कॅफेवाला बाबांचा प्रतिस्पर्धी झाला, मग घरोघरचे कॉम्प्युटर, मग फोन. बाबा खूश होते. दुपारची झोप होऊ लागली. आणि पुण्याला जाणारी माणसं आमच्याकडे न येता परस्पर पुण्याला जायला लागली. त्यांचं काही चुकलं नाही. मुलीच्या स्थळाविषयी बोलायचंय म्हणून कुणी मुद्दाम उठून, चपला घालून, दोन गल्ल्या ओलांडून येत नाही. आपल्याकडे माणूस भेटायला म्हणून फार क्वचित जातो. तो डबा परत करायला जातो, पत्रिका द्यायला जातो, 'इकडे दळण टाकायला आलो होतो' म्हणून जातो. 'सहज आलो' म्हणायलाही हातात काहीतरी असावं लागतं. ते हातातलं काढून घेतलं की प्रेम तसंच राहतं, पण पाय निघत नाही.

निवृत्त माणसाला दर नोव्हेंबरात आपण जिवंत असल्याचा पुरावा द्यावा लागतो. पूर्वी त्यासाठी बँकेत जावं लागायचं. बाबांच्या बँकेत नोव्हेंबरचे पहिले दिवस म्हणजे रेल्वेवाल्यांचं गेट-टुगेदरच. इस्त्रीचा शर्ट, खिशात पेन्शनचं पुस्तक, प्लास्टिकच्या पिशवीत आधारची झेरॉक्स. वर्षभर न दिसलेली माणसं तिथे दिसत. कोण दिसलं नाही हेही तिथेच कळे. खुर्च्या कमी, म्हणून सत्तरीतली माणसं पंच्याहत्तरीतल्यांना बसायला देत. काउंटरवरच्या मुलीने वर न बघता "जिवंत आहात ना?" छाप सही घ्यावी आणि यांनी त्यावर वर्षभर पुरेल एवढे विनोद करावेत.

२०१४ मध्ये 'जीवन प्रमाण' सुरू झालं. तेव्हा बोटांचे ठसे लागत, आणि म्हाताऱ्या बोटांचे ठसे यंत्राला ओळखू येतीलच असं नसे. जन्मभर राबून बोटं गुळगुळीत झालेली. २०२१ पासून चेहरा दाखवून काम होऊ लागलं. फोनमध्ये दोन अ‍ॅप घ्यायची, आधार नंबर, पेन्शनचा पीपीओ नंबर टाकायचा, कॅमेऱ्यासमोर बसायचं, पडद्यावरच्या वर्तुळात चेहरा आणायचा आणि पापणी लववायची. मी बाबांचं पहिल्यांदा केलं तेव्हा ते सोफ्यावर पाठ ताठ करून बसले, पासपोर्टच्या फोटोला बसावं तसे. झाल्यावर मला म्हणाले, "झालो का जिवंत?"

झाले. मेसेजही आला. मग आईच्या लक्षात आलं की हे इस्त्रीचा शर्ट घालून बसलेत. दाखला तर घरीच व्हायचा होता, तरी सकाळी कपाटातून तोच काढला होता. त्या दिवशी त्यांनी तो संध्याकाळपर्यंत बदलला नाही.

पुढच्या वर्षी जे झालं ते माझ्या डोक्यातून आलेलं नाही, हे आधीच सांगते. बाबांच्या ग्रुपवर कुणीतरी टाकलं: ज्याचा दाखला व्हायचा असेल त्याने रविवारी सकाळी कमाटीबागेत यावं, बँडस्टँडपाशी. (कागदोपत्री ती सयाजीबाग. १८७९ पासूनची. पण बडोद्यात तिला सयाजीबाग म्हणणारा माणूस बाहेरगावचा समजावा.) अकाउंट्समधून रिटायर झालेले एक काका ऑपरेटर नेमले गेले. निकष दोन: फोन मोठा हवा आणि मोतीबिंदू काढलेला हवा. एका फोनवरून कितीही जणांचे दाखले करता येतात, हे त्यांना नातवाने सांगितलं होतं.

मी बाबांना सोडायला गेले आणि थांबले. झाडाखाली बसलं तर सावली फार, उन्हात बसलं तर डोळे मिटतात. शेवटी एकाला बाकावर बसवून दुसरा त्याच्या डोक्यावर वर्तमानपत्र धरून उभा, असं जमलं. एक काका पापणी लववायची म्हटल्यावर इतक्या निष्ठेने डोळे मिटून घेत की यंत्र थांबून जाई. "अहो, झोपू नका! एकदाच मिटा, एकदाच!" सगळे ओरडत. फिरायला आलेली एक मुलगी थांबून म्हणाली, "अंकल, रील बनावो छो?" ज्याचा दाखला होई त्याचं टाळ्या वाजवून अभिनंदन. नंतर सगळे जिवंत गृहस्थ सेवउसळ खायला गेले, वर तिखट तरी मागून. ती त्यांतल्या बहुतेकांना डॉक्टरांनी बंद केलेली आहे.

त्यातले निम्मे लोक घरी दाखला करून आलेले होते, हे मला मागाहून कळलं. आणि एक काका आलेच नव्हते. ते रावपुऱ्यात वरच्या मजल्यावर राहतात, पडल्यापासून जिना उतरत नाहीत. पूर्वी त्यांच्यासाठी बँकेतून माणूस घरी यावा म्हणून अर्ज, विनवण्या, फेऱ्या. या वेळी सेवउसळीनंतर दोघंजण फोन घेऊन त्यांच्याकडे गेले. पलंगावरच दाखला केला आणि दुपारपर्यंत तिथेच बसले. बँकेच्या रांगेच्या काळात हे झालं नसतं. तेव्हा प्रत्येकाचा दिवस आपापल्या रांगेतच संपत होता.

म्हणजे काम यंत्राला दिलं, पण भेटायचं निमित्त काही दिलं नाही. ते स्वतःकडे ठेवलं, त्याची जागा बदलली आणि बँकेपेक्षा चांगली जागा निवडली. हे इतक्या सहजपणे त्या म्हाताऱ्यांनी केलं की त्यांना त्यात काही विशेष वाटत नाही. मला वाटतं.

बडोद्याच्या मातीतच हे असावं, असं म्हणायचा मोह होतो. पण मातीबितीचं मला फारसं पटत नाही. इतिहास मात्र आहे. या संस्थानात १८६२ मध्ये डभोई ते मियागाम रेल्वे सुरू झाली तेव्हा ती बैल ओढत होते. इंजिनं मागाहून आली. लोखंडी रूळ टाकून वर बैल जुंपणाऱ्या लोकांना आपण हसतो, पण मला त्यांचं कौतुक वाटतं. जेवढं झेपतं तेवढं नवं घ्यावं, उरलेलं आपल्या ओळखीच्या जनावरावर सोडावं.

सयाजीरावांनी १९०६ मध्ये संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं. मग प्रश्न आला की शिकलेल्यांनी पुढे वाचायचं काय. १९१० मध्ये त्यांनी विल्यम बॉर्डन नावाच्या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावून घेतलं. त्याच्या हाताखाली जे उभं राहिलं त्यातल्या फिरत्या ग्रंथालयांविषयी शाळेत आम्हाला दोन ओळी होत्या: लाकडी पेट्यांत पुस्तकं भरून गावोगाव पाठवत. मांडवीजवळच्या मध्यवर्ती ग्रंथालयात मी कॉलेजात असताना जायचे. तिथल्या काचेच्या फरशांमधून खालच्या मजल्यावर उजेड पडतो. पुस्तक शोधण्यापेक्षा पायाखाली कुणी चालतंय का हे बघण्यात माझा जास्त वेळ जाई. त्या पेट्यांचा विचार मात्र मला अलीकडे जास्त येतो. पेटी आपोआप काही करत नसे. गावात कुणीतरी ती मागवायची, सांभाळायची, पुस्तकं लोकांना द्यायची, परत गोळा करायची. पुस्तक घ्यायला माणूस माणसाकडेच जायचा.

आणि ज्यांना वाचताच येत नव्हतं त्यांच्यासाठी त्याच ग्रंथालय खात्याची एक दृश्यशिक्षणाची शाखा होती. मॅजिक लँटर्न, स्टिरिओस्कोप, पुढे सिनेमाची यंत्रंही. आज शंभर वर्षांनी आपण मुलांना टॅब्लेट देऊन 'दृक्‌श्राव्य शिक्षण' म्हणतो, ते बडोद्याने तेव्हाच केलं होतं. फरक एवढाच की लँटर्नचं चित्र मुकं असे. ते भिंतीवर पडलं की कुणीतरी शेजारी उभं राहून बोलावं लागे, आणि बघायला सगळा गाव एकत्र बसे. आता चित्रच बोलतं, आणि प्रत्येकाचं वेगळं. माझ्या शेजारणीचा नातू जेवताना एकटाच डोंगरातल्या डायनोसोरकडे बघत असतो आणि आजी घास भरवत असते. नात्याने दोघं जवळ, पण आजीला डायनोसोरचं नाव माहीत नाही. एकदा मी तिला म्हटलं, त्याला विचार ना. तिने विचारलं. त्याने घास गिळून तीन डायनोसोर एकदम सांगितले.

२०२४ च्या ऑगस्टमध्ये, जन्माष्टमीच्या सुमाराला, विश्वामित्रीला पूर आला. बडोदेकर पुराचं माप काळ्या घोड्याच्या पुलावर मोजतात. तिथे २६ फुटांवर धोका. त्या वेळी पाणी ३५ फुटांच्या वर गेलं. वरून पाऊस आणि आजवा धरणाचं पाणी. कारेलीबागेतल्या आमच्या इमारतीचं पार्किंग गेलं, मग तळमजला गेला, आणि तळमजल्यावरची दोन कुटुंबं गाद्या-गॅस-देवासकट वर आली.

सोसायटीच्या ग्रुपला त्या दिवशी काय उधाण आलं होतं! धरण फुटल्याच्या बातम्या, मगरींचे व्हिडिओ. बडोद्याला मगरींचं नवल नाही, नदीत त्या राहतातच, पुरात रस्त्यावरही येतात. पण त्यातले काही व्हिडिओ आमच्या गल्लीतले म्हणून फिरत होते आणि त्यांत मागे नारळाची बाग दिसत होती. मग वीज गेली आणि हळूहळू एकेकाचा फोन बंद पडत गेला. अफवा पसरवणाऱ्यांचे आधी संपले, कारण तेच सगळ्यात जास्त वापरात होते. त्याबद्दल मी देवाचे आभार मानले.

गच्चीवर आमच्याकडे सोलरची पॅनेलं आहेत. दुसऱ्या दिवशी ऊन पडलं तेव्हा सगळ्यांनी आशेने वर बघितलं. पण ही ग्रिडला जोडलेली पॅनेलं बाहेरची वीज गेली की आपोआप बंद होतात. दुरुस्तीला तारेवर चढलेल्या माणसाला आपल्या छपरावरून वीज जाऊ नये म्हणून तशी सोयच केलेली असते. हे बऱ्याचजणांना त्या दिवशी कळलं. एवढी चकचकीत पॅनेलं, भर उन्हात गप्प.

चौथ्या मजल्यावरच्या एका गुजराती कुटुंबाकडे मात्र जुना इन्व्हर्टर होता. त्यांनी पंखा लावला नाही. दारातून वायर काढून जिन्याच्या वळणावर एक्स्टेंशन बोर्ड ठेवला. पाच पॉइंटचा, पिवळा पडलेला, एक पॉइंट सैल. त्यात चार्जर खालून काडी लावून टेकवावा लागे. प्रत्येक फोनला रबरबँडने चिठ्ठी: फ्लॅट नंबर आणि लावल्याची वेळ. वीस मिनिटं झाली की काढायचा. ज्यांच्याकडे इन्शुलिन चालू आहे त्यांना आधी, दिवस भरत आलेल्या पहिल्या मजल्यावरच्या मुलीला त्याच्याही आधी. हे नियम कुणी लिहिले नाहीत. तिथे बसलेल्या बायकांनी ठरवले.

कारण वीस मिनिटं बसणार कुठे? पायऱ्यांवरच. फोन तर बोर्डात, हात रिकामे. मी तिथे जितकी माणसं पाहिली तितकी त्या इमारतीत राहतात हे मला तोवर माहीत नव्हतं. ग्रुपवर पार्किंगवरून कायम भांडणारे एक गृहस्थ आहेत. मोठ्या अक्षरांत लिहितात, शेवटी तीन उद्गारचिन्हं. ते माझ्या खालच्या पायरीवर येऊन बसले. आवाज इतका हळू की वाकून ऐकावं लागे. बायको गेल्यापासून एकटे राहतात. थेपले स्वतः करतात, आणि ते त्या दिवशी डबाभर घेऊन आले होते. "मेथी जून होती," म्हणाले मराठीत. त्यांची आई सांगलीकडची. मला हे इतक्या वर्षांत माहीत नव्हतं, कारण ग्रुपवर आम्ही दोघंही गुजरातीत भांडायचो.

पूर ओसरला, चिखल उपसला, आणि पार्किंगची भांडणं पुन्हा सुरू झाली. उगीच गोड चित्र रंगवायला नको. पण आता ते माझ्या नावापुढे 'ताई' लिहितात आणि मग तीन उद्गारचिन्हं देतात.

जिन्यावर भेट घडली ती फोनमुळेच. फोन नसते तर कुणी जिन्यावर आलं नसतं. आपापल्या दारामागे मेणबत्ती लावून बसले असते. तेव्हा फोन बाजूला ठेवा, माणसांत या, वगैरे उपदेश मला अपुरा वाटतो. विजेची एक तार, पाच पॉइंट आणि वाट बघण्याची सक्ती असली की तोच फोन माणसांना एकत्र बसवतो. तसंच बाबांच्या ग्रुपवरच्या सकाळच्या गुलाबांचं. नवी पिढी त्या सुप्रभातांना हसते. पण आमच्या बाबांच्या वयाच्या माणसांसाठी ती हजेरी आहे. एका काकांचा गुलाब दोन सकाळी आला नाही तेव्हा बाबा त्यांच्या घरी गेले. काका ठणठणीत. रिचार्ज संपलं होतं. बाबा दोन तासांनी परत आले, तेही चिवड्याची पुडी घेऊन.

यंत्राला काय द्यावं आणि काय देऊ नये याचं गणित दरवेळी सोपं नसतं. गेल्या वर्षी आमचे धाकटे काका गेले. बेंगळुरूच्या चुलतभावाला लगेच निघता आलं नाही. त्याने काकूला मेसेज पाठवला. लांबलचक, एकही शुद्धलेखनाची चूक नाही. 'काकांचे मार्गदर्शन आम्हा सर्वांना दीपस्तंभाप्रमाणे लाभले' वगैरे. मी तिला तो वाचून दाखवत होते. काकूने मला मध्येच थांबवलं. "मार्गदर्शन? ह्यांनी? जन्मात कुणाला असं कर, तसं कर म्हणाले नाहीत."

हा मेसेज कुणी लिहिलाय हे तिला ठाऊक नव्हतं, म्हणजे कुठल्या एआयच्या यंत्राने. पण पुतण्याने लिहिलेला नाही एवढं तिला कळलं. ती रागावली नाही. मला म्हणाली, "त्याला फोन लाव." आणि फोन लागल्यावर म्हणाली, "ते पोलो ग्राउंडचं सांग रे." तिकडे काही वेळ शांतता. मग तो सांगायला लागला. काकांनी त्याला पोलो ग्राउंडवर स्कूटर शिकवली होती. क्लच कसा सोडायचा हे काकांना सांगता येईना, म्हणून ते स्वतःच मागे बसून त्याच्या हातावर हात ठेवायचे, आणि दोघं मिळून एकदा एका पाणीपुरीच्या गाडीत गेले. पाणीपुरीवाल्याला पैसे देऊन झाल्यावर काकांनी तिथेच एक प्लेट खाल्ली. काकू हसत होती आणि पदर डोळ्यांना लावत होती. इतके लोक येऊन गेले, पण दहा दिवसांत ती असं पहिल्यांदा बोलली.

सोसायटीच्या नोटिसा, विम्याच्या कंपनीला इंग्रजीतून पत्र, माहिती अधिकाराचा अर्ज, हे सगळं मी त्याच यंत्राकडून लिहून घेते आणि यापुढेही घेणार. विम्याच्या माणसाला माझ्या मनातलं कळावं अशी माझी इच्छा नाही. त्याला पॉलिसी नंबर कळला की पुरे. पण पोलो ग्राउंड फक्त त्या पुतण्याकडे होतं. त्याने ते न देता दीपस्तंभ दिला, कारण दीपस्तंभ तयार मिळत होता आणि तो बिचारा रात्रीच्या विमानाच्या तिकिटाच्या मागे होता.

माझी बहीण टोरंटोला असते. तिच्याशी आईचा व्हिडिओ कॉल चालतो तो मला फार आवडतो, कारण त्यात दोघी फारसं बोलत नाहीत. आई फोन पोह्यांच्या डब्याला टेकवून ठेवते आणि शेंगा सोलते. तिकडे ताई डबा भरत असते. मधूनच आई म्हणते, "किती तिखट घातलंस?" तिकडून, "तू दिलंय तेच आहे." मग पुन्हा दहा मिनिटं काही नाही. पूर्वी परदेशी फोन म्हणजे मिनिटाला पैसे, त्यामुळे सगळं महत्त्वाचंच बोलावं लागायचं: तब्येत, पैसे, कोण गेलं, कोण झालं. फुकट झाल्यावर बिनमहत्त्वाचं परत आलं. माझ्या मते या तंत्रज्ञानाने केलेली सगळ्यात मोठी कामगिरी हीच.

गणपतीत मात्र पंचाईत होते. आमची आरती संध्याकाळी साडेसातला, तेव्हा तिच्याकडे सकाळचे दहा. ऑफिसच्या दोन मीटिंगांमध्ये ती घुसते. तिकडून आवाज क्षणभर उशिरा येतो. आमचं ध्रुवपद संपलं की तिचं सुरू होतं, त्यामुळे इकडचे लोक गोंधळून पुन्हा ध्रुवपद घेतात आणि आरती संपतच नाही. बाबांनी मागच्या वर्षी फर्मान काढलं की ताईने म्यूट राहावं आणि नुसत्या टाळ्या वाजवाव्यात. ताई रुसली. म्हणाली, टाळ्या वाजवायला मी प्रेक्षक आहे का? म्हणून यंदा असं ठरलंय की एक दिवस आरती टोरंटोहून होईल आणि म्यूट आम्ही राहायचं. बाबांना हे तत्त्वतः मान्य आहे. आईला नाही. तिचं म्हणणं, गणपती इथे बसलाय, तर घंटा तिकडे कशी वाजेल? यावर ग्रुपवर चर्चा चालू आहे, आणि काकूने नुकतंच टाकलंय की घंटा दोन्हीकडे वाजवा, फक्त बाबांना गाऊ देऊ नका.